आवाजाचं बटण कुणाच्या हातात?

मोटारीला हॉर्न असतो, वायपर असतो, गाणी ऐकायला स्टिरिओ असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण गाडीच्या मागच्या नळीतून येणारा आवाज लहान-मोठा करायचंही बटण असतं, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? असतं! महागड्या, वेगवान गाड्यांना ते कंपनीतूनच बसवून येतं. बटण दाबलं की मांजराच्या पावलांनी चाललेली गाडी वाघासारखी गुरगुरायला लागते. पुन्हा दाबलं की परत मांजर.

"अहो, असल्या गाड्या आमच्या तालुक्याच्या गावात कुठून यायच्या?" असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण जरा दम धरा मैत्रिणींनो, ही गोष्ट शेवटी आपल्या गल्लीतल्या बुलेटपर्यंतच येणार आहे.

आधी अमेरिकेतला एक किस्सा. तिथे फोर्ड कंपनीची मस्टँग नावाची गाडी आहे. तिचा घुमणारा आवाज हीच तिची ऐट. त्या कंपनीतलेच एक बडे इंजिनिअर एकदा घरातून गाडी बाहेर काढत होते. आवाज एवढा की शेजाऱ्यांनी सरळ पोलिसांना फोन लावला! त्यातून कंपनीला सुचलं, की गाडी हळू आवाजात सुरू करायची सोय द्यावी. 2017 साली कंपनीने ती जाहीर केली आणि 2018 च्या मॉडेलमध्ये दिली. मालकाने वेळ लावून ठेवायची, समजा रात्री 8 ते सकाळी 7, की तेवढ्या वेळात गाडी आपोआप गुपचूप सुरू होणार. या सोयीला 'गुड नेबर मोड', म्हणजे चांगल्या शेजाऱ्याची सोय, असंही म्हटलं गेलं.

वाचून मला हसू आलं, आणि मग एक गोष्ट मनात रुतून बसली. म्हणजे गाडी हळू आवाजात चालू शकत होतीच की! इंजिन तेच, पेट्रोल तेच. फक्त कुणीतरी तक्रार करायला हवी होती आणि तक्रारीची दखल घेणारं कुणीतरी हवं होतं.

हे बटण नेमकं करतं काय, तेही समजून घेऊया. इंजिनात पेट्रोलचा भडका उडतो आणि गरम वायू धडाधड बाहेर फेकला जातो. तो तसाच सोडला तर बंदुकीसारखा आवाज होईल. म्हणून वाटेत सायलेन्सर बसवतात. त्याच्या पोटात कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात, काहींत काचेच्या तंतूंचं भरण असतं. वायू या भुलभुलैयातून फिरत जातो, आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून विरतात, आणि बाहेर येईपर्यंत त्या धडाडीची नुसती घरघर उरते. बटणवाल्या गाडीत या नळीला एक झडप असते, आपल्या चुलीच्या धुराड्याला असावी तशी. झडप बंद असली की वायू लांबच्या वाटेने, कप्प्यांतून जातो. उघडली की जवळच्या वाटेने थेट बाहेर. पहिल्या वाटेने गेला तर शेजारी झोपलेले राहतात, दुसरीने गेला तर खडबडून उठतात. एवढंच त्यातलं विज्ञान.

आता आपल्याकडे या. आपल्याकडच्या पोरांना असली महागडी झडप कशाला हवी? त्यांच्याकडे 'पुंगळी' आहे! सायलेन्सरच्या आतली आवाज मारणारी नळी म्हणजे ही पुंगळी. ती काढून टाकली, की बुलेट फटफट न करता धडाड-धडाड करत निघते. नाहीतर कंपनीचा सायलेन्सर उतरवून बाजारातला दुसरा चढवायचा. त्यातल्या बऱ्याच सायलेन्सरच्या तोंडाशी 'डीबी किलर' नावाचा तुकडा असतो. डीबी म्हणजे डेसिबल, आवाज मोजायचं माप. एक-दोन स्क्रू फिरवले की हा तुकडा हातात येतो. कारवाईची कुणकुण लागली की तो आत, मोकळा रस्ता मिळाला की खिशात. बटणाने किंवा रिमोटने उघडणारी झडपसुद्धा आता दुचाकीसाठी मिळते. वर 'फटाके' फोडायची कला आहेच. चालत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद करून पुन्हा चालू करायची. तेवढ्यात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं आणि गोळी सुटल्यासारखा बार निघतो.

जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोड रोलर फिरवतायत, असे फोटो आपण अधूनमधून पेपरात बघतो. एका ओळीत मांडलेले ते चकचकीत सायलेन्सर चपटे होताना पाहून मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण पुढच्याच आठवड्यात तोच आवाज तिठ्यावरून परत येतो. सायलेन्सर गेला, हौस तिथेच राहिली.

ही हौस जरा निरखून बघा, म्हणजे एक गंमत दिसेल. आमच्या भागात असे तीन-चार बुलेटवाले आहेत. एसटी स्टँडपासून मुलींच्या कॉलेजपर्यंत त्यांची गाडी डरकाळ्या फोडत जाते. पोलीस ठाण्यासमोर आली की तिला एकदम सर्दी होते. पुढे बाजारपेठेत पुन्हा आवाज. आणि स्वतःच्या घराच्या वळणावर? तिथे हे चिरंजीव इंजिन बंद करून गाडी तशीच घरंगळत अंगणात आणतात. का, तर घरात आजोबा आजारी आहेत, वडील झोपलेत! म्हणजे आवाजाचा त्रास होतो हे त्याला पक्कं कळतं. कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हेही कळतं. 'पोरगं नादान आहे, समजत नाही त्याला,' असं आपण म्हणतो ना, ते साफ चूक आहे. बटण गाडीला असो नसो, त्याच्या डोक्यात ते आहे. जिथे जाब विचारणारा कुणी असतो तिथे ते बंद होतं आणि जिथे नसतो तिथे चालू होतं.

आणि जाब न विचारणारे कोण? दुपारी घटकाभर पाठ टेकलेली बाई. बाळंतीण. शिफ्ट करून आलेली नर्स. परीक्षेचा अभ्यास करणारी पोर. उच्च रक्तदाबाच्या गोळ्या खाणाऱ्या सासूबाई. आमच्या शेजारची सून दीड महिन्याच्या बाळाला तासभर थोपटून झोपवते. तेवढ्यात खालून एक बुलेट जाते. बाळ दचकून असं काही रडायला लागतं की पुढचा तास गेलाच म्हणून समजा. बुलेटवाला दहा सेकंदांत गल्ली ओलांडून जातो. ते दहा सेकंद हिला मात्र दुपारभर पुरतात. याचा हिशोब कुठल्या चलनात करायचा?

नुसत्या झोपमोडीचा प्रश्न असता तर एवढं लिहिलं नसतं. सततच्या वाहनांच्या आवाजाने झोप तुटते, रक्तदाब आणि हृदयाचे आजार वाढतात, हे आता जगभर मान्य झालंय. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली युरोपसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात रस्त्यावरच्या वाहनांचा रात्रीचा सरासरी आवाज 45 डेसिबलच्या खाली असावा, अशी ठाम शिफारस आहे. आपल्या देशातही 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, तर दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या सभोवतालच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा 50 आणि रात्री 40. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. कागदावर आपण युरोपच्या मागे नाही, बरं का!

गाड्यांसाठी वेगळी मर्यादा आहे. 2005 पासून 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला 80 डेसिबल, 80 ते 175 सीसीपर्यंतच्या दुचाकीला 77 आणि नऊ सीटपर्यंतच्या प्रवासी मोटारीला 74. कंपनीची गाडी ही परीक्षा पास होऊनच शोरूमला येते. म्हणजे बुलेट मुळात गुन्हेगार नाही. तिची पुंगळी काढणारा गुन्हेगार आहे. आणि डेसिबलचा हिशोब आपल्या साध्या बेरजेसारखा नसतो हेही लक्षात घ्या. 10 डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. 80 चे 90 झाले तर 'दहाच तर वाढले' असं म्हणून चालत नाही.

आवाजाचा आणि बाईचा संबंध किती खोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसतं. 18 जुलै 2005 चा हा निकाल. रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद, निवासी भागात रात्री हॉर्न नको, अशा गोष्टी त्यात आल्या. पण हा खटला सुरू कशावरून झाला, ते फार जणींना माहीत नसतं. जानेवारी 1998 मध्ये वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती. पण शेजारी लाऊडस्पीकरवर गाणी एवढ्या मोठ्याने चालली होती की तिचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतलं. ती वाचली नाही. या बातमीने हादरलेल्या एका इंजिनिअरने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

मला हे वाचून बराच वेळ काही सुचलं नव्हतं. आपण आवाजाला 'त्रास' म्हणतो, 'कटकट' म्हणतो. पण मोठा आवाज नुसता कानाला लागत नाही, तो दुसऱ्याचा आवाज गिळून टाकतो. त्या निकालात न्यायालयाने सांगितलंय, की बोलण्याचं स्वातंत्र्य आहे म्हणून आपला आवाज जबरदस्तीने दुसऱ्याच्या कानात ओतायचा हक्क कुणाला मिळत नाही. न ऐकण्याचाही माणसाला हक्क आहे. शांतपणे जगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

कॉलेजच्या गेटवर बुलेट रेस करणाऱ्या पोरांकडे या नजरेने बघा. पोरीच्या अगदी जवळ येऊन ॲक्सिलरेटर पिळायचा, ती दचकली की हसायचं, मग पुढे जाऊन एक फटाका फोडायचा. हात लावला नाही, अपशब्द काढला नाही, शिट्टीही मारली नाही. तक्रार काय करणार? 'अहो, गाडीचा आवाज झाला' एवढीच? माझ्या ओळखीतल्या एका मुलीने यामुळे सायकल सोडून रिक्षा लावली. महिन्याचा खर्च वाढला आणि घरी कारण सांगितलं, पाय दुखतात म्हणून. छेडछाडीचं हे बिनपुराव्याचं हत्यार आहे, आणि बाजारात ते उघडपणे, आवडीच्या रंगात मिळतं.

या आवाजाच्या बाजूनेही बोलणारे आहेत. 'आवाज असला की समोरच्याला गाडी कळते, अपघात टळतात,' असं ते सांगतात. ऐकायला बरं वाटतं. पण नळीचं तोंड मागे असतं हो! आवाज मागच्यांना जास्त, पुढच्याला कमी. पुढच्याला सावध करायला हॉर्न दिलाय. दुसरे म्हणतात, 'दमदार इंजिनचा आवाज मोठाच असायचा.' त्याचं उत्तर तर एका कंपनीनेच देऊन टाकलंय. अमेरिकेतल्या डॉज कंपनीने 2022 साली विजेवर चालणारी एक गाडी दाखवली. विजेच्या गाडीत भडका नाही, धूर नाही, सायलेन्सरचं कामच नाही. तरी तिला खोटा आवाज काढणारं यंत्र बसवलं, आणि तो 126 डेसिबलपर्यंत जातो असं अभिमानाने सांगितलं! म्हणजे आवाज इंजिनची गरज नाही. आवाज ही मिरवायची वस्तू आहे. इंजिन गेलं तरी मिरवणं उरलंच.

बाहेरच्या देशांनी यावर काय केलं? चाचणीच्या वेळी शहाणं आणि रस्त्यावर दांडगट, ही फसवणूक त्यांनी धुराच्या बाबतीत चांगलीच भोगली आहे. 2015 मध्ये फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर सापडलं, की चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरती स्वच्छ धूर सोडायची. आवाजाच्या झडपेतही हीच पळवाट होती. म्हणून युरोपात लागू झालेल्या नव्या नियमांत स्पष्ट लिहिलं गेलं, की आवाज बदलायची सोय असेल तर गाडीने प्रत्येक सोयीत मर्यादा पाळली पाहिजे. फक्त चाचणीपुरती चालणारी युक्ती बसवायची नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागात डोंगरातली गावं मोटारसायकलींच्या आवाजाने एवढी विटली, की जून 2020 पासून ऑक्टोबरअखेरपर्यंत काही रस्त्यांवर 95 डेसिबलच्या वरच्या मोटारसायकलींना बंदीच घातली. ज्या गाडीच्या कागदावरच तो आकडा लिहिलाय, ती कायदेशीर असली तरी बंद! फ्रान्समध्ये 2022 पासून आवाज मोजून नंबर प्लेटचा फोटो काढणाऱ्या यंत्रांच्या चाचण्या झाल्या. या सगळ्याची सुरुवात रहिवाशांच्या तक्रारींनीच झाली. आपल्याकडे मुंबईत सुमैरा अब्दुलअलींनी डेसिबल मीटर हातात घेऊन आवाज मोजायला सुरुवात केली आणि 'आवाज फाउंडेशन' उभं केलं. आकडे हातात असले की समोरच्याला 'तुमचे कान नाजूक आहेत' असं म्हणता येत नाही.

कायदा आपल्याकडेही कडक आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. कलम 190 (2) प्रमाणे आवाजाची मर्यादा मोडली तर पहिल्या गुन्ह्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय 3 महिने लायसन्स बाद. मालकाने गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर कलम 182 अ प्रमाणे 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही. आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर कलम 199 अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद. 'मला माहीत नव्हतं' हे नुसतं म्हणून भागत नाही, ते सिद्ध करावं लागतं. आता घरातली गाडी कुणाच्या नावावर आहे, ते एकदा आरसी बुकात बघा. कित्येक घरांत ती आईच्या नावावर निघते!

म्हणून मला वाटतं, रोड रोलरच्या आधी तीन ठिकाणी हात घालायला हवा. पहिलं, दुकान. पोलीस पोराला चौकात पकडतात, पण सायलेन्सर बदलून देणारं गॅरेज आणि विकणारं दुकान सगळ्या गावाला माहीत असतं. तिथे आरटीओ आणि पोलीस एकत्र गेले तर शंभर पोरं पकडायची गरज उरणार नाही. दुसरं, तक्रार. पोलीस ठाण्यातल्या महिला दक्षता समितीत हा विषय मांडा. कॉलेजच्या गेटवर ठरावीक वेळी हा प्रकार होत असेल तर निर्भया किंवा दामिनी पथकाला वेळ आणि गाडीचा नंबर कळवा. रात्रीच्या धुडगुसाला 112 आहे. एकटीने फोन केला तर 'बाईंना फार आवाज लागतो' म्हणतील. गल्लीतल्या दहाजणींनी सह्या केलेला अर्ज असा उडवून लावता येत नाही.

आणि तिसरं ठिकाण आपलं स्वयंपाकघर. हे जरा बोचेल, पण बोलायला हवं. बदललेला सायलेन्सर फुकट येत नाही. 'आई, थोडे पैसे दे ना, गाडीचं काम आहे,' असं म्हटल्यावर डब्यातले पैसे काढून देणाऱ्या आपणच असतो. कसलं काम, हे विचारायचं राहून जातं. विचारूया की! बिल बघूया. कंपनीचा सायलेन्सर माळ्यावर गुंडाळून ठेवलेला दिसला तर तो खाली काढायला लावूया. ओरडून, शपथा घालून पोरं ऐकत नाहीत, ते आपण अनुभवलंय. त्याऐवजी एक साधा प्रश्न विचारा: "बाळा, आपल्या दारात तू गाडी बंद करून आणतोस, मग दुसऱ्याच्या दारात का नाही?"

याचं उत्तर त्याला देता येणार नाही. कारण आजोबा फक्त आपल्याच घरात आजारी नसतात, आणि बाळं फक्त आपल्याच पाळण्यात झोपत नाहीत. हे त्याला कळतं, असं मी वर म्हटलंच आहे. आपण विचारत नाही, एवढाच त्याचा फायदा आहे. तेव्हा आज संध्याकाळी तो घरी आला, की पानं वाढता वाढता विचारून बघा.